फोटोखालचं नाव

हर्षानं ते नाव लिहायला नको होतं. जमीन प्रत्यक्षात कोण कसतं याचा अभ्यास करायचा, पण कसणाऱ्याचं नाव कुठंही छापायचं नाही, असा ती काम करत असलेल्या संस्थेचा नियमच होता. पण माणिकबाईच मागं लागली. "अकरा वर्सं झाली, बापूसाहेबाच्या वावरात मक्त्यानं वांगी लावून राहिली मी. सातबाऱ्यावर त्याहीचं नाव, पीकपेऱ्यात त्याहीचं नाव. तू तरी माहं लिह न वं!" हर्षाही माणिकबाईच्याच तेल्हाऱ्याची. तिला त्या म्हातारीचा शब्द मोडवेना. परदेशी मदतीतून निघालेल्या अहवालात माणिकबाईचा फोटो आला, अन् खाली नाव, गावासकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अहवाल फिरत फिरत अकोल्याला बापूसाहेबांच्या हाती पडला. ते वकील. आज अहवालात नाव, उद्या कोर्टात कुळाचा हक्क, एवढं त्यांना लगेच दिसलं. इकडे मक्त्याला, म्हणजे खंडानं वावर करायला, कागद नसतो. पाडव्याला मालकाच्या घरी नारळ न्यायचा, त्यानं तो ठेवून घेतला की वर्षभर वावर तुमचं. यंदा त्यांनी माणिकबाईचा नारळ उंबऱ्यावरूनच परत केला. वैशाख लागला, वावर तसंच पडून, अन् माणिकबाई दुसऱ्याची भेंडी तोडायला रोजानं जाऊ लागली.

 हर्षा चार वेळा बापूसाहेबांकडे जाऊन आली. चौथ्या वेळी त्यांनी वाट दाखवली. त्या अभ्यासाचा लोकांना काय उपयोग झाला, हे तपासायला मदत देणाऱ्यांच्या वतीनं पुण्याहून रागिणीताई येणार होत्या. माणिकबाईनं त्यांना सांगायचं, मी हे वावर कधी केलंच नाही. हर्षानं तसं लिहून द्यायचं. "मग वावराचं बघू," ते म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार. दोघींनी तेवढंच घट्ट धरलं.

रागिणीताई आल्या, बांधावरच बसल्या. बापूसाहेब आपल्या गाडीला टेकून लांब उभे राहिले.

"या शेतात किती वर्षं काम करता?" रागिणीताईंनी विचारलं.

"म्या कधी केलंच नाही हे वावर," माणिकबाई म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

"मग हा फोटो?"

"उभी राहा म्हनलं, उभी राह्यली."

हर्षाला वाटलं, धरणीनं आत्ता पोटात घ्यावं. रागिणीताई तिच्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही खोटी नोंद केली?"

चारशे घरं हर्षानं उन्हातान्हात पायी पालथी घातली होती. एक नोंद खोटी ठरली की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?

"हो मॅडम. खोटी केली." तिनं तसं लिहून खाली सही केली.

"मग तुमची सगळीच माहिती मला बाद धरावी लागेल," रागिणीताई म्हणाल्या. त्यांनाही ते कडू लागलं असावं, कारण चहाला न थांबताच त्या निघून गेल्या.

माणिकबाई लगबगीनं बापूसाहेबांपुढं गेली. "मंग साहेब, नांगरट कवा सुरू करू?"

"कसली नांगरट? आत्ताच सांगितलंस ना, कधी केलं नाही म्हणून? जिनं केलंच नाही, तिला मी वावर का द्यावं?"

"साहेब, तुमी शब्द देल्ला होता!" हर्षा ओरडली.

"बघू म्हणालो होतो. बघितलं." त्यांनी गाडीचं दार लावून घेतलं.

माणिकबाई हर्षाकडे वळली. "हर्षा, त्या मॅडमले फोन लाव. खरं सांग तिले."

हर्षानं लावला. सगळं भडाभडा सांगितलं, रडत सांगितलं.  मग रागिणीताई म्हणाल्या, "माझा विश्वास बसतोय हर्षा, पण सही तुझीच आहे. काही पुरावा आहे का?"

"काय म्हन्ते ते?" माणिकबाईनं विचारलं.

"पुरावा मागते, मावशी."

माणिकबाईनं समोरच्या ढेकळांवरून नजर फिरवली.

"पुरावा कुठून आनू वं? अकरा वर्साची वांगी त लोकायनं खाऊन टाकली."