दाजींचा निळा शंकू

दाजी पास झाले. मॅडमनी स्वतःच्या हातानं त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर हिरवी पट्टी चिकटवली. म्हणजे इथून पुढे या शर्यतीच्या ट्रॅकवर शेजारी प्रशिक्षक न बसवता एकट्यानं गाडी पळवायला दाजी मोकळे. टाळ्याही वाजल्या. दोघांच्याच, आणि त्यातला टायरवाला खरं तर हातांची धूळ झटकत होता, पण आवाज आला.

तर हे झालेलंच नाही असं आपण धरून चालू. दाजींच्या घरी सध्या तसंच धरतात, आणि पाहुण्यानं घरच्या रीतीनं वागावं.

दाजी म्हणजे लिफ्ट तपासणारे सरकारी तपासनीस. त्यांचा मेहुणा या ट्रॅकवर प्रशिक्षक. तो त्यांना दाजी म्हणायचा म्हणून टायरवाला म्हणू लागला, मग चहावाला, आणि शेवटी ट्रॅकच्या मुख्य प्रशिक्षक मॅडमसुद्धा, ज्या वयानं त्यांच्या मावशी शोभल्या असत्या. एका माणसाच्या बहिणीशी लग्न करून दाजी शंभर लोकांचे दाजी झाले होते.

लिफ्टमध्ये वळण नसतं. ती वर जाते, खाली येते आणि मजल्याच्या खुणेशी थांबते. बोटभर वर थांबली तर दाजी ती जागच्या जागी बंद करत, मग आत कुणी का अडकेना. असा नाकासमोर चालणारा माणूस चाळिशी उलटल्यावर एकदा ऑफिसच्या मित्राबरोबर ट्रॅकवर गेला आणि वळणांच्या नादी लागला. चाळिशीत लोक गुडघे धरतात, यांनी स्टिअरिंग धरलं.

पहिला हंगाम छान गेला. तेव्हाचे प्रशिक्षक म्हातारे होते, त्यांना कौतुक करायची सवय होती. "हात बसतोय तुमचा," एवढंच ते म्हणाले, आणि दाजींच्या घराचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली. कारण दाजींना वळायचं शास्त्र कळलं होतं आणि त्यांचं कुटुंब अजून अडाण्यासारखं वळत होतं. दुकानात बायको ट्रॉली घेऊन साबणाच्या रांगेतून वळली की हे मागून, "आधी वेग उतरव, मग वळ. वळता वळता ब्रेक नको." सासरे वॉकर घेऊन खोलीतून निघाले की हे दारात उभे. "बाबा, फार लवकर आत शिरताय. दाराच्या पलीकडच्या कडेला धरून या, म्हणजे बाहेर पडताना सरळ रस्ता मिळेल."

"मला बाथरूमला जायचंय," सासरे म्हणाले, "जिंकायचं नाही."

पण जावयाचा मान म्हणून त्यांनी एकदा उशिरा वळून पाहिलं, आणि फ्रिजवर आदळले. दाजी म्हणाले, वेग जास्त होता.

मग परीक्षा आली. ओल्या रस्त्यावर दाजींची गाडी घसरली आणि ते खडीत गेले. ट्रॅकच्या कडेला खडी पसरलेली असते, चुकलेल्याला थांबवायला. परीक्षेत चाक खडीला लागलं की नापास. हे नापास होणं अगदी अस्सल होतं, त्यात कुणाचा हात नव्हता. दाजी घरी आले, दारात बूट उलटे करून खडी झटकली, आणि त्या रात्री कुणाला काही शिकवलं नाही. कांदा चिरून दिला. भांडी विसळली.

दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "अहो, त्या म्हाताऱ्याकडे कशाला? माझ्या भावाकडेच शिका ना. घरचा माणूस आहे."

दाजींना भरून आलं.

आता तो निळा शंकू. ट्रॅकच्या मागच्या अंगाला एक लांबलचक उजवं वळण आहे, त्याला सगळे हूक म्हणतात. वळणाच्या आतल्या कडेला गाडी जिथे अगदी खेटून जाते ती जागा म्हणजे एपेक्स. हुकावर ती जागा दिसते त्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. माणसानं धीर धरायचा, सरळ रस्त्यावरच वेग उतरवायचा, उशिरा वळायचं, अर्धं वळण सरल्यावर आतली कड गाठायची, आणि मग समोर रस्ता उघडा मिळतो. जो लवकर आत शिरतो त्याला आधी वाटतं, वा, काय सुरेख निघालो. मग गाडी बाहेर बाहेर ओढली जाते आणि रस्ता संपतो. गंमत अशी की चूक सुरुवातीला होते आणि कळते शेवटी, तेव्हा वळायला काही शिल्लक नसतं.

हुकावर पक्क्या खुणा नव्हत्या. प्रत्येक प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यासाठी आपल्या रंगाचा छोटा शंकू एपेक्सला ठेवायचा. मेहुण्याचा रंग निळा. तो शंकू त्यानं जिथे असायला हवा त्याच्या बराच अलीकडे ठेवला आणि म्हणाला, "दाजी, नजर शंकूवर. त्याला खेटून जायचं, बाकी मी आहे."

दाजी खेटून गेले. मेहुणा होता, खडीही होती.

दुसरा एखादा असता तर चारदा खडीत गेल्यावर त्यानं शंकूकडे संशयानं पाहिलं असतं. दाजींनी स्वतःकडे पाहिलं. खूण चुकू शकते हे त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. खुणा चुकत असत्या तर माणसं रोज दोन मजल्यांच्या मध्ये उतरली असती. ते आणखी नेमानं, आणखी जवळून शंकूला खेटून जाऊ लागले, आणि आणखी नेमानं खडीत. दोन वर्षं. परीक्षा येई, दाजी नापास होत, घरी येऊन दारात बूट झटकत आणि गाईसारखे गरीब होत. बायकोबरोबर फिरायला जात आणि ती वळेल तसे वळत. सासऱ्यांचा वॉकर पुसून ठेवत. ट्रॅकवर आपण जन्मात शिकणार नाही, पण घर तरी बरं चाललंय, असं त्यांना वाटे. दुःखाला निदान एक बाजू चांगली असते म्हणतात, ती ही.

मग एका परीक्षेच्या सकाळी मेहुण्यानं शंकू ठेवला, खाली वाकला तो सरळ होईना. मान आखडली. दाजींच्या शेजारी मॅडम येऊन बसल्या.

"दाजी, इतक्या लवकर आत कुठे निघालात?" सरावाच्या पहिल्याच फेरीला त्या ओरडल्या.

"शंकूला, मॅडम."

"कुठल्या शंकूला?"

"निळ्या."

"तो? मला वाटायचं तिथे पाइप फुटलाय म्हणून कुणी ठेवलाय. विसरा तो."

"मॅडम, ती खूण आहे."

"मग शंकू येईल तेव्हा डोळे मिटा."

"वळणावर?"

"शंकूपुरते हो! आयुष्यभर नाही."

पुढच्या फेरीला दाजींनी शंकूपुरते डोळे मिटले. उघडले तेव्हा शंकू मागे पडला होता आणि समोर अख्खा हूक मोकळा पडला होता. ते उशिरा वळले. लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी फिरली, बाहेर आली, आणि बाहेर आल्यावरही रस्ता उरला. उरलेला रस्ता दाजींनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना तो सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण वाटला.

"तुम्हाला येतंय की सगळं," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं काय झोपा काढल्या?"

पुढचं आपण झालेलंच नाही असं धरलंय.

घरी बायको इस्त्री करत होती. दाजी दारात उभे राहिले. बुटांत खडी नव्हती, त्यामुळे हातांना काही काम नव्हतं.

"त्याची मान आजच आखडायची होती," ती म्हणाली.

"अगं, पास झालो मी!"

"खिडकीतून दिसली पट्टी."

"आणि ऐक, तुझा भाऊ म्हणजे कमाल आहे. शंकूच चुकीच्या जागी ठेवायचा! दोन वर्षं!"

"चुकीच्या नाही. मी सांगितलं म्हणून ठेवायचा."

दाजी हसले. मग तिच्याकडे बघून थांबले.

"मला काय कळतंय गाडीतलं," ती बाही उलटी करत म्हणाली. "मी त्याला इतकंच म्हटलं, यांना पास होऊ देऊ नकोस. कसं, ते त्याचं त्यानं बघितलं."

"पण का?"

"तुम्ही पहिल्यांदा नापास होऊन आलात ना, तेव्हा कांदा चिरता चिरता विचारलंत, आज तुझा दिवस कसा गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं रडू आलं की कसा गेला ते मी सांगितलंच नाही. कांद्यावर ढकललं." तिनं इस्त्री उभी केली. "म्हटलं, हे परत व्हायला पाहिजे. दोन वर्षं मला नवरा होता. आता पट्टी आहे."

आतून सासरे ओरडले, "पास झाला का गं तो? मग माझा वॉकर लपव!"

मेहुण्याचा फोन आला. मान आखडल्यामुळे तो आढ्याकडे बघून बोलत असावा, आवाज वरून आल्यासारखा वाटत होता.

"दाजी, अभिनंदन."

"लाज नाही वाटत?"

"पास काय कुणीही करतं हो. तुमचा हात सुधारत होता, तसा तसा मला शंकू आणखी मागे घ्यावा लागायचा. ते सोपं नाही. आणि लाजेचं म्हणाल तर ट्रॅकवर माझ्याकडे दुसरा विद्यार्थी फिरकत नाही. स्वतःच्या दाजीला पास करू शकत नाही तो आम्हाला काय करणार, म्हणतात. तुमचा संसार चालवता चालवता माझं दुकान बसलं."

दाजींनी फोन ठेवून दिला.

त्यानंतर त्यांनी जीव तोडून नापास माणसासारखं वागून पाहिलं. कांदे चिरले. जीभ दातांखाली धरली. "तुझा दिवस कसा गेला?" रोज विचारलं. ती "बरा" म्हणायची, आणि बोटभर वर थांबलेल्या लिफ्टकडे दाजी जसे बघायचे तसं त्यांच्याकडे बघायची.

एका संध्याकाळी इमारतीच्या तळघरात ती गाडी लावत होती. खांबाला वळसा घालायचा होता. दाजी शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, आकडे मोजले, सासऱ्यांचा चेहरा आठवला, आणि तरी तोंडातून गेलंच.

"जरा उशिरा."

दोनच शब्द. तिनं ब्रेक मारला. गाडी बंद केली, किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या. तुम्हाला आता एकट्यानं चालवायची परवानगी आहे ना?"

आणि ती पिशव्या घेऊन जिन्यानं वर गेली. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानं.

पुढच्या वेळी दाजी ट्रॅकवर गेले ते खडीत घुसायचं ठरवून. पण हुकावर हात ऐकेनात. नजर आपसूक पुढे जाई, गाडी आपसूक उशिरा वळे, आणि रस्ता दरवेळी उरे. दिवसभर त्यांनी नापास व्हायचा प्रयत्न केला आणि त्यातही नापास झाले. शेवटी ट्रॅकच्या ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, "खडीत गेलात तरी पट्टी निघत नाही, दाजी. पास झालेल्याला नापास करायची सोयच नाही आमच्याकडे. फार तर मोठा अपघात करा, पण त्याचं खातं वेगळं."

दाजींनी कागद मागितला. उभ्या उभ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: अर्जदारास पूर्वलक्षी प्रभावाने नापास करणेबाबत. महोदय, अर्जदार हा आपल्या ट्रॅकवर अनवधानाने उत्तीर्ण झाला असून त्यामुळे त्याची कौटुंबिक गैरसोय होत आहे. तरी सदर निकाल रद्द करून मागील काचेवरील पट्टी आपल्या माणसाकरवी काढून घ्यावी, आणि अर्जदार नापास आहे व यापुढेही नापासच राहील अशा आशयाचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र अर्जदाराच्या पत्नीच्या नावे, राहत्या पत्त्यावर, पत्नी त्या पत्त्यावर राहत आहे तोवर, देण्यात यावे, ही नम्र विनंती."