जिवंतांची मेणबत्ती

ज्यूंच्या महाउपवासाच्या आदल्या सकाळी त्सिप्राच्या चुलीवर मेण वितळत होतं. रिवाजाप्रमाणे बायकांनी कबरस्तान ज्या सुताने वेढून मापलं होतं, त्याच सुताच्या वाती ती करत होती. एकेका नावाचा एकेक धागा. एक मेणबत्ती जिवंतांची, ती घरी लागायची. दुसरी मेलेल्यांची, ती प्रार्थनाघरात.

शेजारी बसलेल्या ब्राइनाने आईचा धागा मेलेल्यांत ठेवला, मग बापाचा ठेवला. लेमलचा धागा मात्र ती हातातच धरून बसली.

"ठेव की गं!" त्सिप्रा म्हणाली. "जुना नवरा वर खोळंबलाय, नवा इथे. मधल्या मधे माझं मेण थिजतंय."

लेमल एकोणीस वर्षांपूर्वी घोडे विकायला गेला, तो गेलाच. तेव्हापासून ब्राइना ना कुणाची बायको, ना विधवा. दरवर्षी ती त्याचा धागा जिवंतांत घाली. या उन्हाळ्यात एका गाडीवानाने येऊन साक्ष दिली, की लेमल ओडेसात तापाने वारला. अशा बाबतीत शास्त्राला एकच साक्षीदार पुरतो. रब्बींनी तिला लग्नाला मोकळं केलं. पिंपं बनवणाऱ्या विधुर आन्शलने तिला मागणी घातली, आणि सणानंतर लग्न ठरलं.

बातमी उशिराची म्हणून शोकही शास्त्राप्रमाणे एकाच तासाचा होता. तो तास ती जमिनीवर बसून राहिली, रडू येईल म्हणून. आलं नाही. एवढ्या वर्षांत आटलं असेल, असं तिने मनाला सांगितलं.

आज मात्र तिला मनाला काही सांगता येईना. धागा मुठीत घेऊन ती तशीच रब्बींकडे गेली.

"रब्बी, तो मेलेला नाही."

"पत्र आलं का?"

"कुठलं पत्र? आईचं नाव घेतलं की रिकाम्या घराचं दार ठोठावल्यासारखं होतं. त्याचं घेतलं की वाटतं, आत कुणीतरी आहे. उघडत नाही, पण आहे."

रब्बींनी चष्मा काढला. "लग्नाची धास्ती घेतलीस का?"

"धास्ती? संध्याकाळी दारात माणसाची चाहूल लागावी म्हणून मी काय काय केलं असतं, ते तुम्हाला कसं सांगू!"

रब्बींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "देवाने शास्त्र दिलं तेव्हा सीनाई पर्वताखाली आपले सगळ्यांचे जीव उभे होते म्हणतात. तिथे ऐकलं ते जीव अजून ओळखतो. पण प्रत्येक हुरहूर काही सीनाईवरून येत नाही, बाई. तुझी हुरहूर तुला हवं तेच बोलली असती, तर मी तुला हाकललं असतं; पण ती तुझ्या इच्छेविरुद्ध बोलतेय. माझी परवानगी खोटी नाही. पण तुझं मन असं सांगत असताना लग्नाला उभी राहा, असं मी म्हणणार नाही."

त्सिप्राकडे परत जाऊन तिने धागा जिवंतांत ठेवला. त्सिप्राने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मेण पुन्हा चुलीवर चढवलं.

तिथून ती आन्शलकडे गेली, तेव्हा तो पिंपावर लोखंडी कडं बसवत होता. सगळं ऐकून त्याने हातोडा खाली ठेवला.

"एकोणीस वर्षांत एक ओळ धाडली नाही त्याने. तो माझ्यावर भारी पडला?"

"तो नाही हो. त्याच्यात माझा जीव केव्हाचाच उरलेला नाही."

"मग?"

"उद्या दिवसभर देवासमोर उभं राहायचंय. हे पोटात ठेवून कशी राहू?"

त्याने पुन्हा हातोडा उचलला.

उपवासाआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची असते, गरज पडली तर तीनदा. ब्राइनाने मागितली. तो ठोकत राहिला. दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा त्याने कडं उगीचच फिरवून पाहिलं.

"आन्शल, मला माफ करा," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"केलं," तो पाठमोराच म्हणाला. "जा आता. सूर्य मावळला की उपवास लागेल, जेवणं उरकायची वेळ झाली."

घरी सूप तयार होतं. त्यात सोडायला मांसाच्या करंज्या तिने सकाळीच, आन्शलही जेवायला येणार म्हणून, दोघांच्या हिशेबाने भरल्या होत्या. उपवासाआधी पोटभर जेवणं हेही पुण्याचंच. तिने सगळ्या शिजवल्या, आणि उन्हं उतरेपर्यंत एकेक करून, सावकाश, सगळ्या संपवल्या.