चष्म्याच्या कारागिराचा अर्ज

चोवीस वर्षं एकाच दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासलेल्या माणसाला स्वतःबद्दल एक पान लिहायचं म्हणजे संकटच. मालक वारले, त्यांच्या मुलांना धंद्यात रस नव्हता, दुकान बंद झालं. डोळ्यांच्या एका मोठ्या इस्पितळाला कारागीर हवाय असं कळल्यावर त्याने दोन दिवस डोकं खाजवून एक कागद तयार केला आणि थोरल्या बहिणीकडे नेला. ताई नुकतीच निवृत्त झाली होती. कचेरीत तिने तीस वर्षं नोकरीचे अर्ज चाळले होते; कुठला कागद साहेबांच्या टेबलावर जाणार आणि कुठला टोपलीत, हे तिला पहिल्या चार ओळींत कळायचं.

"मेहनती, प्रामाणिक, होतकरू," तिने मोठ्याने वाचलं. "पन्नाशीला टेकलास आणि होतकरू?"

"सगळे तेच लिहितात ना."

"म्हणूनच कुणी वाचत नाही. आणि तुझी उंची घेऊन ते काय करणारेत? तू काय केलंस ते सांग."

"काय केलं? काचा घासल्या."

"किती? कशा?"

हळूहळू ती खोली त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ओल्या चाकाची घरघर, बोटांच्या पेरांत बसलेली पांढरी भुकटी, तिरका उजेड देणारी एकुलती एक खिडकी. मालक प्रत्येक काच त्या उजेडात फिरवून बघायचे. चुकली असेल तर न बोलता परत त्याच्यापुढे ठेवायचे, जमली असेल तर नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी त्याने पहिली दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

"दिवसाला पंधरा जोड्या," तो म्हणाला.

"तक्रार घेऊन किती यायचे?"

"वर्षाला दहा-बारा. त्यातले निम्मे चष्म्यावर बसलेले असायचे."

ताई खळखळून हसली आणि तिने आकडे लिहून घेतले. "आता सोबतचं पत्र. एकच प्रसंग सांग, पाल्हाळ नको."

त्याला एक शिक्षिका आठवल्या. जाड भिंगांचा नवा चष्मा घातला की त्यांचं डोकं ठणकायचं. तीन दुकानं फिरून झाली होती. नंबर तर बरोबर होता. त्याने त्यांना समोर बसवून डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पुन्हा मोजलं, तेव्हा कळलं की भिंगांचे मध्य चार मिलिमीटर सरकलेत. त्याने नव्या काचा करून बसवल्या. बाई रस्त्यावरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचतच घरी गेल्या.

"त्या दिवशी मालकांनी दुकान लवकर बंद केलं," तो म्हणाला. "मला चहाला घेऊन गेले. चोवीस वर्षांत एकदाच. ते स्वतः काम कसं शिकले, ते सांगत बसले. चहाचं लिहू?"

"नको रे," ताई हळूच म्हणाली. "ते आपल्या दोघांत राहू दे."

पत्र एका पानात बसलं. ताईने इस्पितळात फोन करून विभागप्रमुख बाईंचं नाव विचारलं आणि "माननीय महोदय" खोडून ते वर घातलं.

आठवड्याभरात बोलावणं आलं. तिथे त्याच्यापुढे फ्रेम आणि काचा ठेवून बसवायला सांगितलं. त्याने बसवल्या. तीन महिन्यांच्या बोलीवर त्याला कामावर घेतलं.

तिथे घासायचं काम यंत्रच करतं. ते शिकवायला त्याच्या लेकीच्या वयाची एक मुलगी आहे. "काका, हे बटण आधी," असं तिने चार दिवस सांगितलं, मग सांगावं लागलं नाही. नाजूक फ्रेम आली की आता ती आपणहून त्याच्याकडे सरकवते. जेवणाच्या सुट्टीत ती जुन्या दुकानाबद्दल विचारते. तो सांगू लागतो आणि बोलण्याच्या नादात त्याचा डबा तसाच उघडा राहतो.