बसलेला आवाज

नीलम्मानं ती नळी चिमटीत धरून उजेडाकडे उचलली आणि भुलीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

“हे माझ्या नरड्यात घालणार? रॉकेल वतायचं नळकांडं बरं ह्याच्यापरास.”

डॉ. दामिनी हसल्या. खांद्यावरची गाठ काढायची, काम एवढंसंच. पण पूर्ण भूल द्यायची म्हणजे श्वासाची वाट राखणं आलं. त्यांनी दुसरं साधन पुढे केलं. त्याच्या टोकाला मऊ, फुगीर वाटी होती.

“ती नळी थेट श्वासनलिकेत जाते, आजी. हा मास्क वरच, श्वासनलिकेच्या तोंडाशी बसतो. नळीनं एखाद-दोन दिवस घसा दुखतो, आवाज बसतो कधीकधी. मास्कनं त्रास कमी. पण पोट रिकामं पाहिजे.”

“चहाचा घोट घेतला न्हाई सकाळधरनं. ही वाटीच घाला. आवाज बसल्यावर दुकान काय खुणा करून चालवू?”

“गरज पडली तर नळी घालावी लागेल हं.”

“गरज पाडू नका म्हंजे झालं.”

जळकोटचं दुकान केव्हाच भाड्यानं गेलं होतं. ज्या आवाजाला अख्खी पेठ दबकून असायची, तो आता ओट्यावरचं मांजर हाकलण्यापुरता उरला होता. म्हणून काय तो लातूरच्या दवाखान्यात टाकून जायचा? सोबतीला शेजारची शिल्पा तेवढी आली होती. मुलाला, मृत्युंजयला, नीलम्मानं कळवू दिलं नव्हतं. हैदराबादहून त्याचा फोन आला की ही टोमण्यानं सुरुवात करी, आणि तो ‘बरं, ठेवतो’ म्हणून ठेवून देई.

शुद्धीवर येताच तिनं आधी आवाज चाचपला.

“पाणी!”

खणखणीत. उशी वाकडी ठेवली म्हणून मावशींना झापूनही झालं. तेवढ्यात शिल्पानं चोरट्या नजरेनं फोन तिच्या हातात दिला.

“अव्वा?”

‘आता आठवली व्हय अव्वा?’ जिभेवर तयारच होतं.

“बोलू नको,” मृत्युंजय घाईनं म्हणाला. “नळी घातल्यावर आवाज बसतो म्हणतेत. तू नुसतं ऐक.”

तिनं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

तो आधी अडखळत, मग सुटल्यासारखा बोलू लागला. पोराचा, शिवांशचा, दात पडला. फेकायला कौलं न्हाईत इथं, तर पठ्ठ्यानं शेजाऱ्याच्या गच्चीवर फेकला. शेजारीण भांडायला आली. नीलम्माचं पोट हसण्यानं हललं. खांद्याचा टाका ओढला गेला, तरी ती हूं की चूं करीना.

मग तो थांबला.

“अव्वा, माझी नोकरी गेली. दिवाळीतच. तू बोलशील म्हणून सांगितलं न्हाई.”

नीलम्मानं ओठ दातांखाली दाबून धरले.

“ऐकायलीस ना? ऐकत असशील तर फोनवर टकटक कर.”

डॉ. दामिनी फेरीवर आल्या होत्या. खाटेशी वाकून त्यांनी विचारलं,

“काय आजी, आवाज शाबूत आहे ना?”

नीलम्मानं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं, आणि अंगठ्याच्या नखानं फोनवर टकटक केली. थोडं थांबून पुन्हा केली.