करड्या पाकिटातल्या दोन गोळ्या

कमलाबाईंनी त्या दोन गोळ्या खाल्ल्या त्या गुडघ्यांसाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोळ त्या दोन गोळ्यांनीच घातला.

एप्रिलात जयंतीच्या सुट्टीत त्यांचा मुलगा प्रज्ञेश ठाण्याहून चार दिवस वाडीत आला होता. तिकडे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतो. त्याच आठवड्यात सून रेणुका पोटात दुखतं म्हणून रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात गेली आणि येताना दोन पाकिटं घेऊन आली. पिवळं तिचं, चौदा दिवसांचं. करडं नवऱ्याचं, त्यात दोनच गोळ्या, एकदम गिळायच्या. सिस्टरने तिला बजावलं होतं, आजार जोडीचा आहे तर औषधही दोघांनी घ्यायचं. एकट्या बाईने घेणं म्हणजे भोक पडलेल्या कळशीने पाणी भरणं. आणि दोघांची औषधं होऊन आठवडा उलटेपर्यंत जवळ यायचं नाही.

रेणुकाने करडं पाकीट नवऱ्यापुढे धरलं. तो हसला.

"मला काय धाड भरलीय? दुखतंय तुला, गोळ्या मी खाऊ?"

त्याला खरंच काही होत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. पाकीट खिडकीत ठेवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी केर काढताना ते कमलाबाईंना दिसलं. काजू वेचून त्यांचे गुडघे धरले होते. सरकारचं औषध चांगलंच असणार, वाया कशाला घालवा, असा साधा हिशेब करून त्यांनी दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. गुडघ्यांना काडीचा फरक पडला नाही. पोट मात्र असं बिघडलं की दोन दिवस संडासाच्या खेपा घालता घालता जीव मेटाकुटीला आला.

रिकामं पाकीट रेणुकाने पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिने लगेच ठाण्याला फोन लावला. "घेतल्यात ना गोळ्या? पाकीट रिकामं दिसलं."

"घेतल्या," तो म्हणाला. एवढ्यावर कटकट मिटत असेल तर कोण नाही म्हणेल? फोन मोठ्या आवाजावर होता. चुलीपाशी बसलेल्या कमलाबाईंनी दोघांचंही ऐकलं आणि भाकरी उलटली. या वयात लेकाच्या गोळ्या खाल्ल्या हे सुनेला कुठल्या तोंडाने सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या गप्प राहिल्या.

मे महिन्यात प्रज्ञेश आठ दिवसांची रजा काढून आला. रेणुकाने तोवर पिवळं पाकीट नेमाने संपवलं होतं. नवऱ्याचंही झालंय, आता जवळ यायला भीती नाही, अशाच समजुतीत ती होती. जूनमध्ये तिला पुन्हा ताप भरला. ओटीपोट इतकं दुखायला लागलं की आंब्याच्या कारखान्यात उभं राहून काम करणारी ही धट्टीकट्टी पोर भिंतीला धरून चालायला लागली. सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूची नळी सुजून बंद झालीय, डॉक्टर म्हणाल्या. उजवी अजून शाबूत आहे, पण आणखी एकदा असं झालं तर तिचाही भरवसा नाही. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. नवऱ्याला घेऊन या, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

म्हणून जुलैतल्या त्या मंगळवारी सासू-सून एसटीने निघाल्या. भाट्याच्या पुलावर गाडी हिसका मारून थांबली तशी रेणुकाने दोन्ही हातांनी पोट धरलं. कमलाबाईंनी तिला खिडकीकडून आत ओढून घेतलं. काही बोलावं असं त्यांना वाटत होतं, पण आता बोलायचं तर तीन महिन्यांचं बोलावं लागलं असतं. त्या थकल्या होत्या. दवाखान्यांना, रांगांना आणि स्वतःच्या गप्प बसण्यालाही.

प्रज्ञेश ठाण्याच्या गाडीतून उतरून थेट दवाखान्यात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर दुखण्याचा मागमूस नाही. सिस्टरने तिघांना खोलीत घेतलं, दार लोटलं आणि म्हातारीला बाहेर बसवू का, असं रेणुकाला विचारलं. "असू देत," रेणुका म्हणाली. "त्यांना सगळं ठाऊक आहे."

सिस्टरने न रागावता समजावलं. हे दुखणं पुरुषाच्या अंगात बरेचदा नुसतं मुक्काम करतं. जळजळ नाही, ताप नाही, त्याला पत्ताही लागत नाही. बाईच्या अंगात तेच आतल्या आत वर चढतं, नळ्या खातं, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. "म्हणून विचारते, तुम्ही गोळ्या घेतल्या होत्या ना?"

"घेतल्या तर!" प्रज्ञेशने कप खाली ठेवला. "हिलाच विचारा."

"घेतल्या होत्या," रेणुका म्हणाली. "मी रिकामं पाकीट बघितलं होतं."

"मग मी बरा झालेला. चौदा दिवस खाऊन हीसुद्धा बरी झालेली." तो बायकोकडे न बघता सिस्टरशी बोलत होता. "मी ठाण्याला, ही इथे. मग हिला पुन्हा कुठून झालं? ते हिला विचारा."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. रेणुकाचं तोंड उघडं राहिलं होतं. आपणच दिलेली साक्ष आपल्याच गळ्याशी आलीय, हे तिला हळूहळू उमगत होतं.

कमलाबाईंना नवरा आठवला. बाबाजी मुंबईला गोदीत होते. एका शिमग्याला आले तेव्हा म्हणाले, सुई घेतली, आता बरा आहे. कसली सुई ते त्यांनी सांगितलं नाही, कमलाबाईंनी विचारलं नाही. ते खरंच बरे होते. कमलाबाईंचं ओटीपोट मात्र त्या वर्षी जे धरलं ते पाच वर्षं सुटलं नाही. प्रज्ञेशनंतर त्यांची कूस पुन्हा उजवली नाही. सासू म्हणायची, तुझ्याच अंगात खोट. बायकांच्या जातीला हे असायचंच, असं म्हणत त्यांनी जन्म काढला होता, आणि आज तेच सुनेला ऐकवलं जात होतं. ऐकवणारा त्यांच्या पोटचा होता. आपलेच दात, आपलेच ओठ. चावा कुणाला घ्यायचा?

"त्या गोळ्या मी खाल्ल्या," कमलाबाई म्हणाल्या.

"आये, तू गप बस. तुला काय कळतंय त्यातला?"

"गोळ्या खाल्लेल्या कळतात मला. गुडघे दुखत होते, म्हणून खाल्ल्या. दोन दिवस परसाकडं धावत होते." त्या सिस्टरकडे वळल्या. "ह्यानं हातसुदा लावलान नाय गो बाय. फोनवर खोटा बोलला तो. मी आयकला, आणि गप रायले. चूक माजी हाय, त्याची हाय. हिची नाय."

प्रज्ञेशचा चेहरा उतरला. माफी वगैरे काही त्याच्या तोंडून आली नाही, तशी ती मागणाऱ्यातला तो नव्हताच. रेणुका रडलीही नाही. तिने सासूकडे बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, आणि तो कमलाबाईंनी खाली न बघता सोसला.

सिस्टरने कपाटातून नवीन करडं पाकीट काढलं, तिथेच फोडलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "माझ्यासमोर घ्या." मग रेणुकापुढे पिवळं पाकीट ठेवलं, पुन्हा चौदा दिवसांचं, आणि वर मोठ्या डॉक्टरांकडची तारीख लिहून दिली. उजवी नळी कितपत वाचलीय ते तेव्हा कळणार होतं.

प्रज्ञेशने दोन्ही गोळ्या एका घोटात गिळल्या. तोंड पुसलं, घड्याळ बघितलं.

"झालं?" त्याने विचारलं.

"तुमचं झालं," रेणुका म्हणाली.