सातवी मंडळी

मित्रांनो, सारी पृथ्वी माझ्या अंगावर आहे. सगळे समुद्र, सगळे पर्वत आणि सगळी वाळवंटे मी एकट्याने पेलली आहेत. मला मात्र एका खिळ्याने पेलले आहे, आणि तोही हलतो.

मी एक जुना नकाशा आहे. छापताना निळी शाई जरा जास्त झाली, म्हणून माझ्यावरचे काही देश कायमचे ओले दिसतात. वखारीत घडी घालून पडलो होतो, तिथून या सहलींच्या कचेरीत आलो. सुरुवातीला लोक माझ्यापुढे उभे राहून “वा!” म्हणत. मग माझ्यावर कॅलेंडर लटकले आणि एक अख्खे खंड त्याखाली गेले. सहलीची ठिकाणे दाखवायला मालक मला टाचण्या टोचतात. आधी दुखायचे. आता काही वाटत नाही.

एकदा एका पाळकबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान चर्चचे पाळक. नुकतेच वारले होते. पहिल्या ख्रिस्ती लोकांची ठिकाणे बाईंना बघायची होती. फोनला खरखर होती. मालकांना कळले ते एवढेच, की मंडळी सात. त्यांनी सात जणांची गाडी, सात उशा आणि सात टोप्या अशी जय्यत तयारी केली.

बाई आल्या त्या एकट्याच.

“बाकीची मंडळी कुठं आहेत?” मालकांनी दाराबाहेर डोकावून विचारले.

“तिकडंच आहेत की. दोन हजार वर्षं झाली.”

मालक मटकन खाली बसले. मित्रांनो, बायबलमध्ये मंडळी म्हणजे एकेका गावातले चर्च. त्याच्या शेवटच्या पुस्तकात अशा सात मंडळ्यांना निरोप आहेत. मालकांच्या भाषेत मंडळी म्हणजे प्रवासी, आणि ‘आमची मंडळी’ म्हणजे आतल्या खोलीतल्या मालकीणबाई.

“सहा करू या,” मालक सावरून म्हणाले. “सातव्या ठिकाणी नुसते दगड आहेत, बाई. चहासुद्धा मिळत नाही. आणि ते गाव या नकाशात सापडतही नाही.”

“मग राहू द्या सगळंच.” बाईंनी पिशवी उचलली. “ह्यांनी दर रविवारी एकेका मंडळीवर उपदेश केला. सहा झाले. सातव्या रविवारी हे नव्हतेच.”

“पण दगडच बघायचे, तर…”

“सातवीला काय निरोप आहे, ठाऊक आहे? तू थंड नाहीस, गरम नाहीस, कोमट आहेस. हे गेल्यापासून माझं तसंच झालंय. रडूही येत नाही. मला तीच बघायचीय.”

मग मालकीणबाई बाहेर आल्या.

“सातवी ठेवा हो. एरवी तरी लोकांना दगडच दाखवता ना? मीही जाते यांच्या सोबतीला.”

“तू? आणि माझ्या जेवणाचं काय?”

“कोमट खा.”

मालकांनी निमूटपणे टाचणी पुढे केली. सातवे गाव माझ्या घडीवर होते. घडी झिजून तिथे भोक पडले होते. पाळकबाईंनी चष्मा पुसला, आजूबाजूची गावे हळूहळू वाचली आणि त्या भोकातच टाचणी खोचली. ती थेट भिंतीत गेली. मला लागायला नको होते. पण थोडे लागले.

दोघी गेल्या, अजून परतायच्या आहेत. तिथे बाईंना रडू आले का, मला माहीत नाही. नकाशाला कुठे जाता येत नाही. मालक मात्र रोज माझ्यापुढे ताट घेऊन उभे राहतात आणि त्या भोकाकडे बघत जेवतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो, नकाशाला घडी घालताना जपा. घडीवर कुणाचे तरी गाव असते. एवढेच माझे सांगणे.

आणि जाताना तेवढा पंखा बंद करा. माझा दक्षिण ध्रुव फडफडतो.