हरलेल्या सामन्याचा टोल

मित्रांनो, मी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. मी फुटबॉलच्या मैदानावरची घंटा आहे, आणि आता तडकलेली आहे. माझा आवाज ऐकलात तर कुणी पत्र्याचा डबा बडवतंय असं वाटेल तुम्हाला. म्हणून मी वाजत नाही, बोलते. जरा कडू बोलेन, तेवढं चालवून घ्या.

मला ओतलं होतं आगगाडीच्या इंजिनासाठी. वाफेची इंजिनं भंगारात गेली, तेव्हा ओहायो नदीकाठच्या हार्लन फेरी गावातल्या कॉलेजानं मला आणलं. मैदानाच्या दारापाशी दोन खांब रोवले, वर आडवी तुळई टाकली, तिला मला टांगलं आणि माझ्या लोलकाला दोर बांधला. खांबांखाली एक बाक ठेवला. तिथला फुटबॉल म्हणजे पायानं चेंडू मारायचा खेळ नव्हे. तिथं चेंडू काखोटीला मारून पळायचं, आणि समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं. पानगळीच्या दिवसांत दर शनिवारी दुकानांना कुलपं लागायची आणि अख्खं गाव त्यापायी मैदानावर यायचं.

माझे नियम सोपे होते. आपली पोरं जिंकली की मला वाजवायचं. हरली तर दोराला हातसुद्धा लावायचा नाही. आणि एखादा कोच वारला, की त्याच्या दफनाच्या दिवशी त्यानं जिंकलेल्या प्रत्येक सामन्याचा एक टोल द्यायचा. दोर ओढायचा तो त्याच्या हाताखाली खेळलेल्या माणसानं. गावातली माणसं आपापल्या दारात उभी राहून टोल मोजायची आणि त्यावरून ठरवायची, हा कोच केवढा मोठा होता. ‘त्याच्या वेळी माझी कॉफी गार झाली तरी घंटा थांबेना,’ असं कौतुकानं सांगायची. गावानं माझा तराजू करून टाकला होता. मला विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं.

कारण टोल सगळे सारखे असले, तरी दोर कधी सारखा ओढला जात नाही. कुणाला हरवून आलात ते मला पोरांच्या हातांवरून कळायचं. सोपा सामना जिंकला असेल तर पोरं एकीकडे हसत, भलतीकडे बघत दोर ओढायची. अवघड सामना जिंकून आली, की त्यांच्या हातांना कापरं भरलेलं असायचं. सोललेल्या बोटांचं रक्त दोराला लागायचं, आणि एका हिसक्यात तुळई हलायची.

असे हिसके मला दिले ते कोच ऑर्व्हिल टँडींच्या पोरांनी. टँडी उंच, हडकुळे, फार कमी बोलणारे. तेव्हा कुणाशी खेळायचं ते कोचच ठरवायचा. टँडी वेळापत्रक करायला बसले, की मोठमोठ्या विद्यापीठांना पत्रं धाडायचे. तिथल्या एकेका गड्याचा दंड आमच्या पोराच्या मांडीएवढा. शिवाय सामना त्यांच्या गावात, त्यांच्या गर्दीत. गावकरी कुरकुरायचे, “कोच, वाघाच्या गुहेत कशाला जाता दरवर्षी? जवळपास चार सोपी कॉलेजं आहेत की.” टँडी म्हणायचे, “जिंकणार हे आधीच ठाऊक असेल, तर पोरांनी सकाळी उठून पळायचं कशासाठी?”

त्यामुळे ते हरायचेही खूप. मी कित्येक शनिवार मुकी राहायचे.

त्यातला एक शनिवार मी विसरत नाही. उत्तरेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाशी सामना होता, पाऊस आणि गुडघाभर चिखल. आमची पोरं शेवटपर्यंत पुढे होती आणि अगदी शेवटी एका गुणानं हरली. बस परत आली तेव्हा रात्र झाली होती. चिखलानं लडबडलेली पोरं माझ्याखालून मुकाट चालली होती. त्यांतला ड्वेन मॅब्री नावाचा एक दांडगा पोरगा थांबला. त्याचं नाक फुटलं होतं. त्यानं माझा दोर धरला आणि रडायला लागला. म्हणाला, “कोच, एकदाच वाजवू द्या. आज आपण जिंकल्यासारखंच आहे.”

टँडींनी त्याची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली. “हरलो आपण, ड्वेन. हरल्यावर हिला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. मग त्याच्या डोक्यावर आपली टोपी घातली आणि सगळी पोरं गेल्यावर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “आज वाजायला हवी होतीस खरी.”

टँडी निवृत्त झाले तेव्हा गावानं मैदानाला त्यांचं नाव दिलं. नवी पाटी लागली. टँडी मैदान. मला फार बरं वाटलं. तेवढंच म्हणा.

पुढे बरीच वर्षं गेली आणि तोच ड्वेन मॅब्री कोच होऊन आला. माणूस वाईट नव्हता हो. पोरांवर जीव होता त्याचा. पण काळ बदलला होता. लागोपाठ तीन सामने हरले, की लोक कोचच्या दारापुढे सामान बांधायची खोकी आणून ठेवत. म्हणे गंमत करतो. मॅब्रीनंही तशी खोकी दोनदा पाहिली. मग त्यानं वेळापत्रकातून एकेक मोठं नाव काढून टाकलं आणि लांबलांबची लहान कॉलेजं आपल्या मैदानावर बोलावली. ती बिचारी पोरं सगळा दिवस बसमध्ये अवघडून यायची, मार खायची आणि परत जायची. आम्ही जिंकत सुटलो. मी वाजत सुटले.

इतकी वाजले की वाजण्यात काही राहिलं नाही. दोर ओढायचा पोरांना कंटाळा यायला लागला. असंच एक दुबळं कॉलेज धुवून काढलं त्या दिवशी दोरानं म्हणे आवाज कमी येतो, म्हणून कुणीतरी लोखंडी पहार आणली आणि मला बडवलं. मी तडकले. काठापासून खांद्यापर्यंत भेग गेली. कठीण सामन्यांत टिकले आणि असल्या सामन्याच्या आनंदात फुटले, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या शनिवारी खांबावर एक कर्णा बसवला. जिंकलं की त्यातून कुठल्यातरी भलत्याच घंटेचा आवाज यायचा. लोकांना फरक कळला नाही.

माझ्याखालच्या बाकावर दोन म्हातारे रोज कॉफी घेऊन बसायचे. फ्लॉइड पूर्वी न्हावी होता, व्हर्नचं खिळ्यामोळ्यांचं दुकान होतं. मॅब्री निवृत्त झाला आणि मैदानाला आता त्याचं नाव द्यावं अशी टूम निघाली, तेव्हापासून दोघांचं रोज वाजायचं.

“दीडशेच्या वर सामने जिंकलेत ड्वेननं,” व्हर्न म्हणायचा. “तुझ्या टँडीचे त्याच्या निम्मेही नाहीत.”

“कुणाशी जिंकलेत?” फ्लॉइड विचारायचा.

“कुणाशी का असेना. जिंकणं ते जिंकणं.”

“मग मी रोज माझ्या नातवाशी कुस्ती खेळतो. अजून हरलो नाही. द्या माझं नाव मैदानाला.”

“अरे पण त्या काळी समोरचे तरी कुठले पहिलवान? त्या वेळचा गडी आजच्या पोरापुढे काडी वाटेल.”

“काडी तर काडी. पण त्यातल्या सगळ्यात जाड काड्या निवडून टँडी त्यांच्याशी भांडायला जायचा ना? ड्वेननं आजच्यातल्या बारीक निवडल्या. आपापल्या काळात कोण कुणासमोर उभा राहिला, एवढंच बघ की.”

“तू आपलं काहीतरी फाटे फोड. उद्या ड्वेन गेला ना, तर टोल मोजता मोजता तुझी जेवणाची वेळ टळेल. टँडीच्या वेळी कॉफीसुद्धा संपायची नाही.”

यावर फ्लॉइड आपल्या कपात बघायचा, कारण तोही याच गावचा होता. टोल मोजूनच लहानाचा मोठा झालेला.

टँडी तेव्हा हयात होते. नव्वदी उलटलेली. मैदानासमोरच्या वृद्धाश्रमात राहायचे. त्यांची मुलगी नॅडीन शाळेत ग्रंथपाल होती. ती त्यांना रोज संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतून मैदानापर्यंत आणायची. ते पाटीवरचं आपलं नाव वाचायचे आणि म्हणायचे, “आहे अजून.” मग ती खुर्ची वळवायची. रोजचा हा एवढाच फेरफटका. त्या म्हाताऱ्याच्या दिवसात दुसरं काही उरलं नव्हतं.

मैदानाबद्दलची बोलणी माझ्याखाली, सगळ्यांसमोर करायची असा तिथला रिवाज. कॉलेजचे विश्वस्त आले, गाव जमलं, मॅब्रीही आला. नॅडीननं वडिलांची खुर्ची कडेला उभी केली. त्यांना नीट ऐकू यायचं नाही. ते शाल पांघरून माझ्याकडे बघत बसले होते.

विश्वस्तांनी दोघांच्या विजयांचे आकडे वाचून दाखवले. लोकांनी माना डोलावल्या. मग नॅडीन पुढे झाली.

“नाव बदलायचं तर बदला,” ती म्हणाली, “पण डॅडी आहेत तोवर थांबा. ते रोज ती पाटी वाचतात. आणि आकडेच बघायचे असतील तर समोर कोण होतं तेही बघा. ड्वेन, तू खेळलायस ना त्यांच्या हाताखाली? तूच सांग यांना, तुम्ही कुणाशी खेळायचात.”

सगळे मॅब्रीकडे बघायला लागले. मित्रांनो, त्याच्या एका शब्दानं काम झालं असतं. ज्याला मान द्यायचा तोच म्हणाला असता, ‘राहू द्या, हे माझे कोच,’ तर कुणाची छाती होती पुढे बोलायची? मी वाट बघत होते. फ्लॉइड वाट बघत होता.

मॅब्रीनं टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. “हे विश्वस्तांचं काम आहे, नॅडीन,” तो म्हणाला. “माझ्याच नावाचा प्रश्न आहे. मी यात काय बोलणार?”

नॅडीन परत खुर्चीपाशी आली. टँडींनी तिचा हात ओढला. “काय म्हणाला ड्वेन?”

 ती त्यांच्या कानाशी वाकली आणि काहीतरी बोलली. मला ते ऐकू आलं नाही. टँडींचा चेहरा मात्र एकदम उजळला. “असं म्हणाला?” ते म्हणाले. “चांगला पोरगा आहे.”

नाताळच्या आधी पाटी बदलली. नॅडीननं त्यांना मैदानाकडे आणणं बंद केलं. बाहेर बर्फ आहे, डॅडी, म्हणून सांगायची. बर्फ होतंच, पण ते वितळल्यावरही ती तेच सांगत राहिली, आणि त्यांनीही काही विचारलं नाही. वसंत लागता लागता टँडी गेले.

दफनाच्या दिवशी विश्वस्त म्हणाले, कर्ण्यावरून टोल वाजवू, आवाज तरी बरा येईल. नॅडीननं ऐकलं नाही. “फुटकी असली तरी हीच वाजवायची,” ती म्हणाली. दोर ओढायला टँडींच्या हाताखाली खेळलेलं माणूस हवं होतं. मॅब्री आला. काळा कोट, उघडं डोकं. हातात टँडींची ती जुनी टोपी होती, ती त्यानं बाकावर ठेवली.

मी वाजले. कसली वाजले, खडखडले. लोक दारादारांत उभे राहून मोजत होते. मॅब्री सावकाश दोर ओढत होता, आणि त्याचे हात कापत होते. कितीतरी वर्षांनी माझी तुळई हलली. साठ-सत्तर टोल, दुसरं काय. थोड्याच वेळात संपले. समोरच्या पायरीवर व्हर्न उभा होता. त्यानं हातातल्या कपात पाहिलं. कॉफी अजून वाफाळत होती. 

पण मॅब्रीनं दोर सोडला नव्हता. त्यानं आणखी एक टोल दिला. लोकांत चुळबुळ झाली. आकडा चुकला म्हणून कुणीतरी कुजबुजलं.

“हा त्या चिखलातल्या सामन्याचा,” मॅब्री म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “हरलेला. असे पुष्कळ आहेत, नॅडीन. सगळे देतो. यांच्याएवढं अवघड कुणी खेळलं नाही, मीसुद्धा नाही. ऐकू दे गावाला.”

त्यानं पुन्हा दोर ओढायला घेतला. नॅडीन पुढे झाली आणि तिनं त्याची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली, अगदी तिच्या वडिलांनी सोडवली होती तशी.

“पुरे, ड्वेन,” ती म्हणाली. “पाटीची बोलणी झाली त्या दिवशी डॅडींनी मला विचारलं होतं, ड्वेन काय म्हणाला. आठवतंय?”

त्यानं मान डोलावली.

“मी सांगितलं, ड्वेन म्हणाला, यांच्याएवढं अवघड कुणी खेळलं नाही.”

मॅब्री बाकावर बसला. त्यानं ती जुनी टोपी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लोक एकेक करून घरांत गेले. फ्लॉइड तेवढा त्याच्याशेजारी येऊन बसला.

पाटी अजून मॅब्रीच्याच नावाची आहे. एकदा लागलेली पाटी कोण काढतंय? माझा दोर त्या दिवसानंतर काढून ठेवला. आता मी नुसती लोंबते. पोरं येताजाता माझ्या भेगेत च्युइंगम चिकटवतात.

मित्रांनो, तुमच्या गावातही कुणीतरी असेल, फार न जिंकलेलं, पण अवघड माणसांसमोर उभं राहिलेलं. मोजायचंच असेल तर ते कुणासमोर उभं राहिलं, हे आधी विचारा. आणि त्याच्याविषयी चार चांगले शब्द तुमच्यापाशी असतील, तर ते त्याला ऐकू येतंय तोवर बोला. घंटा नेहमी नंतर वाजते, आणि ती ज्याच्यासाठी वाजते, तो तेव्हा ऐकायला नसतो.